शंकेची चौथी आवृत्ती

सही करायला दोन मिनिटंही लागली नसती. ओगल्यांनी टॅब टेबलावरून अलगद पुढे सरकवला होता, अंगठा टेकवायचा चौकोन हिरवा लुकलुकत होता, आणि चहासोबतची खारी अजून मऊ पडली नव्हती. पण मंदाकिनी मगदूम यांचं एक होतं. गोड बोलणारा माणूस घाई करायला लागला की त्यांची चहावरची वासनाच उडायची.

"सत्यता-दाखला म्हणजे नेमकं काय हो?" त्यांनी विचारलं.

"फॉर्मॅलिटी आहे मॅडम." ओगले लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून आले होते. प्रशिक्षण-साहित्याचे हक्क आणि परवाने हे त्यांचं खातं. "तुम्ही आमच्यासाठी तयार केलेल्या कोर्सची चौथी आवृत्ती आता आम्ही देशातल्या बारा फौंड्रींना परवान्यावर देतोय. नियम असा आहे की, शिकवणाऱ्यानं प्रत्येक नव्या आवृत्तीबद्दल लिहून द्यायचं, हे मी शिकवलं तेच आहे. बस्स."

"मग आवृत्ती दाखवा की."

"ती नाही दाखवता येत. मालकी कंपनीची ना. तुम्हीच सही केलीये, पाच वर्षांपूर्वी."

"म्हणजे माझी नाही म्हणून मी बघायची नाही, आणि माझीच आहे असं लिहून मात्र द्यायचं."

ओगले मनापासून हसले. तेवढ्यानं मंदाताईंचा संशय आणखी वाढला. यात कुठं विनोद झाला होता, हसण्यासारखं काय होतं?

"मी जरा शॉपमध्ये फिरून येते," म्हणून त्या उठल्या.

शिरोलीच्या या फौंड्रीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. पहिली नऊ वर्षं वाळू चाळण्यात गेली, आणि पुढची बावीस तपासणीच्या टेबलाशी. हातात नखाएवढ्या डोक्याची हातोडी, समोर बिडाचे ओतीव तुकडे. तुकडा तारेला टांगायचा, टक्क करून वाजवायचा, ऐकायचं. अंगात चीर नसेल तर खणखणीत वाजतो. चीर असेल तर बद्द. हे कुणालाही कळतं. अवघड असतो तो या दोहोंच्या मधला प्रदेश. तिथं मंदाताईंचा शब्द चालायचा.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी आज त्या इथं आल्या होत्या. टेबल तेच होतं. टेबलाशी शबाना मुलाणी, त्यांची सगळ्यात हुशार शिष्या, आता तपासणी-प्रमुख. लिफ्टच्या ब्रेकमध्ये बसणारा चार किलोचा वाकडा तुकडा ती वाजवत होती. त्याला कारखान्यात कोपर म्हणत. टक्क. हिरव्या खडूची खूण. टक्क. हिरवी खूण.

तिसऱ्या टक्कला मंदाताई जागच्या जागी थांबल्या.

"शबाना, तो पुन्हा वाजव."

"बाई! कधी आलासा?" शबानाचा चेहरा फुलला. मग तिनं कोपर पुन्हा टांगला. टक्क. "खणखणीत हाय की ओ."

"बद्द आहे."

शबानानं शेजारच्या दोघांना बोलावलं. दोघांनी वाजवून पाहिलं. दोघंही चांगल्या कानाचे, दोघंही म्हणाले, चांगला आहे. मागून ओगले आले आणि अतिशय हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, कंपनीतर्फे एक कानाची तपासणी करून घेऊ या का? वयोमानानं होतं हो. माझ्या आईचंही झालं."

शबाना खाली बघत होती. ती का खाली बघतेय, हेच मंदाताईंना टोचलं.

आता हा कोर्स काय होता, ते सांगायला हवं.

मेंदूला गैर गोष्ट माणसाच्या आधी कळते. एकसारखे आवाज येत असताना एखादा जरा वेगळा आला की, सेकंदाच्या पाचव्या भागात मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. माणूस 'अरे' म्हणतो ते त्यानंतर. ती लाट कानाच्या पाळीपाशी बसूनही टिपता येते. दुसरी गोष्ट अशी की, मेंदूपासून पोटापर्यंत फिरणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी कानाच्या वाटीत येऊन पोचते. तिथं अगदी मंद विजेची टिचकी मारली तर मेंदूचं शिकण्याचं दार क्षणभर किलकिलं होतं, आणि त्या क्षणी जे ऐकू येतं ते पक्कं बसतं.

या दोन गोष्टी जोडून कर्णिका तयार झाली होती. कानातल्या कुडीएवढं यंत्र. पाच वर्षांपूर्वी ते मंदाताईंच्या कानात बसवून त्यांच्यासमोर अकराशे चाळीस कोपर वाजवले गेले. तीनशे बारा वेळा त्यांच्या मेंदूत शंकेची लाट उठली. मग तेच आवाज शिकाऊ माणसाला ऐकवायचे आणि जिथं मंदाताईंना शंका आली होती, तिथं त्याच्या कानाच्या वाटीत टिचकी मारायची. मंदाताईंना जे यायला दहा वर्षं लागली होती, ते शबानाला सात आठवड्यांत आलं.

जुन्या पद्धतीत शिकवताना प्रत्येक संशयित तुकडा शिष्यासमोर फोडायचा, असा रिवाज होता. आतली चीर डोळ्यांनी दाखवायची, मग पुढचा वाजवायचा. त्यात वेळ जाई. कर्णिकेला फोडायची गरजच नव्हती. तिला मंदाताईंची लाट पुरे होती. मंदाताईही तेव्हा खुशीत म्हणाल्या होत्या, "नका फोडू. मी सांगते ना." आपल्या शब्दाला एवढी किंमत आलेली पाहून माणूस हुरळतो. त्याही हुरळल्या होत्या, आणि करारात 'आवाज, त्यांचा क्रम व प्रशिक्षकाच्या मेंदूचा प्रतिसाद' अशी जी यादी होती, ती त्यांनी वाणसामानाच्या यादीसारखी वरवर बघून सोडून दिली होती. त्या तीनशे बारा शंका त्या दिवसापासून कंपनीच्या झाल्या. त्या कुणाला शिकवायच्या नाहीत, हेही त्यात होतं.

सही न करताच त्या दिवशी त्या घरी आल्या. ओगल्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली.

घरी आल्यावर त्यांनी आधी तवा वाजवला. मग कढई, मग खलबत्ता, मग देवघरातली समई.

"काय गं, भांडी विकायची हाईत का?" सदाशिवरावांनी टीव्हीसमोरून विचारलं. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बसल्या जागेवरून सगळ्या घरावर नजर ठेवायची सवय होती.

"टीव्ही एवढा मोठा का लावलाय?"

"रोजच्या एवढाच हाय."

"रोज एवढा मोठा लावता? माझ्यासाठी?"

सदाशिवरावांनी रिमोट उचलला, पुन्हा ठेवला. त्या एका हालचालीवर मंदाताईंनी दोन दिवस विचार केला. नवऱ्याला माहीत होतं का? आपल्याला कमी ऐकू येतं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि लोक आपल्याशी सवयीनं मोठ्यानं बोलत होते का? दूधवाला तर ओरडतोच. पण तो सगळ्यांवरच ओरडतो.

शुक्रवारी त्या स्वतःच्या खर्चानं राजारामपुरीत कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. कंपनीच्या डॉक्टरवर त्यांचा विश्वास नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या कानात वरच्या पट्टीतलं थोडं कमी झालंय, वयाच्या मानानं ठीक.

"बद्द आवाज कुठल्या पट्टीत येतो?"

"तसं आमच्या यंत्रात नसतं हो ताई."

म्हणजे ओगलेही खोटे नव्हते आणि आपणही नक्की खऱ्या नव्हतो. मंदाताई जेवल्या नाहीत. सदाशिवराव ताट घेऊन शेजारी बसले.

"तीस वरसं माझ्या बोलण्यात तुला बद्द ऐकू येतंय," ते म्हणाले. "एकदा तरी चुकलीस काय? खा आता."

रविवारी दुपारी दारात स्कूटर थांबली. शबाना आली ती हसत आली नाही. तिनं ओसरीवर गोणपाट टाकलं आणि त्यावर तीन कोपर ठेवले.

"भंगारातले हाईत. कानानं पास झालेले, पण पुढं भोक वाकडं पडलं म्हणून बाद केलेले. सायबास्नी विचारून आणलोय, चोरून न्हाई."

"बस तरी गं."

"बसत न्हाई. आदी एक सांगा, बाई. बारा कारखान्यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून माझं नाव लागलंय. तुमची सही झाली की ऑर्डर निघणार. घरी सांगून बसलोय मी. आणि तुमी येऊन चारचौघांत म्हणता, शबाना पास करती ते बद्द हाय." तिचा आवाज चिरकला. "तुमच्या खुर्चीत मी बसलेलं तुमास्नी बघवंना, असं लोक म्हणायल्यात."

"लोक म्हणतायत, का तू?"

मंदाताईंनी मनाशी तपासून पाहिलं. बघवत नव्हतं का? थोडंसं नव्हतं बघवत. एवढं खरं होतं. पण कोपर बद्द होता, हेही खरं होतं. निदान त्या दिवशी होतं.

त्यांनी एकेक कोपर दोरीला टांगला आणि वाजवला. पहिला चांगला. दुसऱ्याला त्या थांबल्या. तिसरा चांगला.

"दुसरा," त्या म्हणाल्या. "तू सांग."

शबानानं तिन्ही वाजवले. सावकाश, डोळे मिटून, शिकवलं होतं तसं. "तिनी खणखणीत."

"बरं. अहो, ती सायकलची चेन धुवायची रॉकेलची बाटली द्या. आणि खडू."

रॉकेल मिळणं बंद होऊन कैक वर्षं झाली होती. सदाशिवरावांनी ती बाटली अत्तरासारखी जपली होती. कुरकुरत त्यांनी आणून दिली. मंदाताईंनी कोपरांना रॉकेल चोपडलं, अर्धा तास उन्हात ठेवले, मग फडक्यानं कोरडेठाक पुसले आणि वरून खडूची मऊ पूड भुरभुरवली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू पुडीत वर येतं. त्याला विजेची टिचकी लागत नाही.

तिघंही ओसरीच्या कडेला बसून तीन पांढऱ्या तुकड्यांकडे बघत राहिली. दहा मिनिटं झाली. पंधरा. दुसऱ्या कोपराच्या वाकावर केसाएवढी काळपट रेघ उमटली. मग ती लांबत गेली.

मंदाताईंना आधी वाटलं ते असं, आपले कान शाबूत आहेत. एवढा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग त्यांनी शबानाकडे पाहिलं आणि त्या आनंदाची त्यांना लाज वाटली.

शबानानं कोपर उचलला, रेघेवरून बोट फिरवलं. दोरीला टांगला. टक्क. पुन्हा टक्क. ती वाजवतच राहिली.

"बाई," ती शेवटी म्हणाली. "दिसायलंय मला. पन ऐकू येत न्हाई. अजून बी खणखणीतच वाजतोय."

सदाशिवराव उठून आत गेले. अशा वेळी आत जावं हे त्यांना कळत होतं.

"चौथी आवृत्ती तुमच्या कानात कधी घातली?" मंदाताईंनी विचारलं.

"आखाडात. दोन आठवडं, सगळ्यास्नी. उजळणी म्हणून." शबाना आठवत होती. "आदी संशयाच्या आवाजाला कानात मुंगी चावल्यागत व्हायचं. या वक्ताला काय काय आवाजास्नी मुंगी आलीच न्हाई. मला वाटलं, मशीन जुनं झालं आसंल. आणि मग चांगलं म्हणून जे ऐकवलं, त्याला मुंगी."

तर असं होतं. शंका नुसती गाळली नव्हती. तिच्या जागी विश्वास शिकवला होता, त्याच दारानं, तेवढाच पक्का.

"सात आठवड्यांत आलेलं दोन आठवड्यांत गेलं," शबाना म्हणाली. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले, भाजल्यासारखे. "माझंच हाय का ओ हे, का त्येंचं?"

मंदाताईंनी तिला चहा दिला. काही शिकवलं मात्र नाही. कराराच्या भीतीनं नाही. काय शिकवावं हेच त्यांना सुचेना.

सोमवारी मंदाताई शॉपमध्ये पोचल्या तेव्हा ओगले आधीच टेबलाशी उभे होते. शबाना कामाला लागली नव्हती. समोर चाळीस कोपरांचा ट्रे तसाच पडून होता आणि कर्णिका काढून टेबलावर ठेवलेली होती.

"मॅडम, यांनी सकाळपासून एकही पीस पास केलेला नाही," ओगले म्हणाले. आजही आवाज मऊच होता. "तुम्ही काल यांना काही शिकवलंत का? विचारणं भाग आहे. परवान्याबाहेर शिकवणं म्हणजे..."

"एक तुकडा दाखवला. शिकवलं काहीच नाही. तुम्ही माझ्या किती शंका काढून टाकल्यात?"

ओगल्यांनी थोडा विचार केला. मग, का कोण जाणे, सांगून टाकलं. "एकशे चाळीस. मी नाही काढल्या. संगणकानं पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या. तुमच्या ज्या शंका कधीच खऱ्या ठरल्या नाहीत, तेवढ्याच गाळल्या. उगाच चांगला माल बाद होत होता."

"खऱ्या ठरल्या नाहीत म्हणजे?"

"तसल्या आवाजाचा एकही पीस पुढे तुटल्याची नोंद नाही."

"ओगलेसाहेब, तो तुटेल कसा? आम्ही बाद केलेला तुकडा त्याच दिवशी पुन्हा भट्टीत जायचा. तो लिफ्टमध्ये बसलाच नाही. वितळलेल्या कोपराची तक्रार कोण करणार?"

हे ओगल्यांना सुचलंच नव्हतं, की सुचलं होतं पण सोयीचं नव्हतं, हे मंदाताईंना त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. त्या माणसाच्या चेहऱ्यावर हातोडी मारून बघण्याची सोय नव्हती.

"मग हे चाळीस फोडून बघू," मंदाताई म्हणाल्या.

"तसं कसं? पास होऊन हिरवी खूण झाली की माल कंपनीचा. कंपनीचा माल मी फोडू देणार नाही."

"आणि खूण व्हायच्या आदी?" शबानानं विचारलं.

"आधी फौंड्रीचा. पण चांगला माल..."

"कोन म्हनतं चांगला?" शबानानं खणातून लाल खडू काढला. बाद करायचा खडू. "तपासणी-प्रमुख मी हाय. मला संशय हाय." आणि तिनं पहिल्या कोपरावर लाल फुली मारली. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. न वाजवता, ओळीनं, चाळिसाव्यापर्यंत.

"मुलाणी मॅडम, तुमची ऑर्डर माझ्या बॅगेत आहे," ओगले म्हणाले. "विचार करा. तुमचा हा कान आमच्या कोर्सनं घडलाय."

"मग घिऊन जावा की कान. मला कुठं ऐकू येतंय त्यानं!"

पलीकडे मशीनवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

पहिला कोपर पकडीत आवळला गेला. शबानानंच घण उचलला. तीन घाव. आतून करडा, चकचकीत, ताजा. निर्दोष. दुसराही चकचकीत. तिसरा, चौथा. सहावा फुटला तेव्हा ओगल्यांनी टॅबवर काहीतरी टिपून घेतलं. शबानाची ऑर्डर, शबानाचं घर, शबानाची खुर्ची, सगळं मंदाताईंच्या एका संशयापायी त्या पकडीत आवळलेलं होतं. कदाचित काल एकाच तुकड्याला चीर असेल. कदाचित संगणक बरोबर असेल.

सातवा एकाच घावात गेला.

दोन्ही अर्धे खाली पडले. एकाच्या तोंडावर करड्या चकाकीच्या मधोमध नखाएवढा काळा डाग होता. ताज्या फुटीचा रंग तसा नसतो. ती चीर ओतकामापासून तिथंच बसून होती, कोपर वाजत होता, आणि चौथी आवृत्ती शिकलेला कुठलाही कान त्याला हसत हिरवी खूण देणार होता.

ओगल्यांनी तो अर्धा हातात घेतला. मग टॅब मिटला.

"दाखला होणार नाही," मंदाताई म्हणाल्या. "सही तेवढी एकच गोष्ट माझी उरलीये. ती मी देत नाही."

"तुमचं नाव काढून कोर्स दुसऱ्या कुणाच्या सहीनं जाऊ शकतो, मॅडम. आणि कालच्या प्रकाराबद्दल वकिलांचं पत्र येईल. मी थांबवू शकणार नाही." ते जायला निघाले. अर्धा कोपर त्यांच्या हातातच होता. तो ते पुण्याला कुणाला दाखवायला नेत होते की कुणाला दिसू नये म्हणून नेत होते?

"साहेब," मंदाताईंनी हाक मारली. "दुसरा अर्धा इथंच राहतोय, बरं का."

ते गेले. शबानानं हात झटकले. तिच्या तळव्यांना फोड आले होते, आणि बॅगेतल्या ऑर्डरचं नाव दोघींपैकी कुणीही काढलं नाही. तिनं आठवा कोपर तारेला टांगला. टक्क.

"काय वाटतं?" मंदाताईंनी विचारलं.

"खरं सांगू का? खणखणीत."

मंदाताईंनी हातोडी घेतली आणि चांगला कान पुढे करून वाजवला. एकदा. परत एकदा. आवाज स्वच्छ होता. निदान स्वच्छ वाटला. बावीस वर्षं त्या टेबलाशी त्यांनी एक वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, शिष्यासमोर तर नाहीच.

"मलाही कळत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "फोड."